‘हे स्पष्ट आहे’ या ओळीबद्दल

सर, यंदा तुमच्या स्मृतिदिनाच्या सकाळी मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी विभागात गेलो आणि फळ्यावर तुमचं प्रमेय लिहिलं. विधान पिवळ्या खडूने, सिद्धता पांढऱ्याने, जशी तुमची सवय होती. तुम्ही गेल्यापासून हा आमच्या विभागाचा रिवाज झाला आहे. तसबिरीला हार घालायचा, फळ्यावर प्रमेय लिहायचं, मग बाहेरगावच्या एखाद्या पाहुण्यांचं व्याख्यान, आणि त्या दिवशी फळा कोणी पुसायचा नाही. शिपाईसुद्धा दुसऱ्या दिवशी विचारून पुसतो. लिहायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे, कारण सिद्धता मला स्तोत्रासारखी पाठ आहे. त्या सकाळी मी मधल्या त्या ओळीपर्यंत आलो, जिथे तुम्ही म्हटलं आहे की जवळचा बिंदू शोधण्याची क्रिया बेरीज राखते, हे स्पष्ट आहे. तिथे हात थांबला. ही ओळ खोटी आहे हे मला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. खडू बोटांत फिरवत थोडा वेळ उभा राहिलो आणि मग ती ओळ लिहिली. नेहमीपेक्षा सुवाच्य लिहिली.

ज्या बाईंनी ती ओळ खोटी असल्याचं शोधलं, त्या व्याख्यानाला दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. मोताळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, माहेर वरवट बकालचं, घरची शेती. माझ्याकडे पीएच.डी. करतात. पाहुणे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. जिल्ह्याच्या गावात राहून, चांगलं ग्रंथालय हाताशी नसताना, अनंतमिती अवकाशांच्या भूमितीत एक निकाल देणारा माणूस म्हणून त्यांनी तुम्हाला नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आभार मानायचं काम मी त्याच बाईंना दिलं होतं, आणि ते का दिलं होतं ते आज मला नीट समजतं. व्यासपीठावर येऊन एकदा आभार मानले की माणूस त्या समारंभाचा होतो, असा माझा हिशेब असावा. त्या उभ्या राहिल्या, पाहुण्यांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, माझे मानले, आणि शेवटी म्हणाल्या, “सरांचं प्रमेय आज परत एकदा फळ्यावर पाहायला मिळालं.” बस, एवढंच. पुढे काही चांगलं विशेषण जोडतील म्हणून लोक वाट पाहत होते. त्या जाऊन बसल्या.

नंतर व्हरांड्यात चहाचे कप घेऊन सगळे उभे असताना त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, तुम्ही लिहून राह्यले होते तवा मी बाहीरूनच पाहून राह्यली होती. खिडकीतून. तुमचा हात थांबला ना, मले वाटलं आता सर थांबतीन.” मी म्हणालो, “आजचा दिवस तसा नव्हता.” त्या म्हणाल्या, “हो सर. आजचा नव्हता.” आणि कप ठेवून बस पकडायला गेल्या. सर, त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही, मला पहिल्यांदा ही भूमिती तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात शिकवली होती. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, दिवाळीची सुट्टी लागली तरी गावी, सुलतानपूरला, गेलो नव्हतो, आणि तुम्ही मला फराळाला बोलावलं होतं. काकू चुलीपाशी, तुम्ही पाटावर, मी दाराजवळ अवघडून. तुम्ही ताटातला शंकरपाळा उचलून माझ्यासमोर धरता. “हा काय आहे?” मी म्हणतो, “शंकरपाळा.” तुम्ही म्हणता, “हा एकक गोल आहे. अंतर मोजताना निर्देशकांची नुसती बेरीज घेतलीस तर शून्यापासून एक अंतरावरचे सगळे बिंदू असे दिसतात.” मग बेसनाची वडी उचलता. “सगळ्यांत मोठा निर्देशक घेतलास तर हा चौकोन. आणि वर्ग घेऊन वर्गमूळ काढलंस, जे तू शाळेत शिकलास, तर ही पुरी. तीनही गोलच. ज्याने त्याने अंतर कसं मोजायचं ठरवलं त्यावर गोलाचा आकार.” मी विचारलं, वर्गाऐवजी चौथा घात घेतला तर? तुम्ही ताटात शोधलं, काही मिळेना. उठून मोरीत गेलात आणि कोपरे झिजलेली साबणाची वडी घेऊन आलात. काकू म्हणाल्या, “ती ताटाला लावू नका. आणि त्या पोराला खायचं आहे का मोजायचं आहे, ते एकदा ठरवा.” सर, असं हवं तसं अंतर मोजायच्या अवकाशांचं, बानाख अवकाशांचं, आजही कोणी नाव काढलं की मला आधी तळणीचा वास येतो. वर्गात मुलांना मी हेच सांगतो, फक्त साबण सांगत नाही.

त्याच वर्षी तुम्ही मला बोललात तेही आठवतं. चाचणीत मी लिहिलं होतं की मर्यादित आणि बंदिस्त संचातल्या अनंत बिंदूंपैकी काही तरी एकमेकांजवळ दाटतातच. तुम्ही भर वर्गात माझा पेपर उंच धरलात. “हे कुठे खरं आहे? सुलतानपूरच्या ढेकळात उभं राहिलं की खरं आहे. तिथे तीनच मिती आहेत. इथे अनंत आहेत. इथे शून्यापासून एका हाताच्या अंतरात अनंत माणसं बसवता येतात, आणि त्यांतलं कोणीच कोणाच्या जवळ नसतं. गावाकडचे डोळे दाराबाहेर काढून ठेव आणि मग आत ये.” पोरं हसली. सुलतानपूरचं नाव तसं निघाल्याचं मला फार लागलं होतं. संध्याकाळी तुम्हीच मला घरी बोलावलंत आणि काकूंनी विणलेला तुमचा निळा अर्धा स्वेटर दिलात. बुलढाण्याची थंडी माझ्या सदऱ्याला झेपत नव्हती हे तुम्ही वर्गात पाहिलं होतं. “रागावलास?” तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणालो. “रागव. पण डोळे बदल.” त्या दिवसापासून मी डोळे बदलायचा प्रयत्न करतो आहे. आणि मला ज्या दिवशी कळलं की त्या एका ओळीत तुमचेही डोळे जुनेच राहिले होते, त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण आत काहीतरी हललं. ते काय होतं हे मी अजून नीट पाहिलेलं नाही.

ते कसं कळलं ते सांगतो. बाई शनिवारी यायच्या. त्या दिवशी बस उशिरा आली, त्या धापा टाकत आल्या, पिशवी खुर्चीखाली सरकवली, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “सर, मले एक सांगा. हे स्पष्ट आहे म्हंजे कोणाले स्पष्ट आहे?”

मी हसलो. म्हणालो, “सरांना होतं.”

“थे ठीक आहे. तुम्हाले आहे का?”

मी म्हणालो, आहे. तुमच्या प्रमेयातली अवकाशं चांगल्या जातीची आहेत, त्यांचा गोल कुठेही सपाट नाही, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक बिंदूला आतल्या बंदिस्त उपअवकाशावर जवळचा असा एकच बिंदू मिळतो. भरदुपारी जमिनीवर पायाखाली पडते तशी सावली. दोन बिंदूंच्या सावल्यांची बेरीज म्हणजे त्यांच्या बेरजेची सावली. यात न दिसण्यासारखं काय आहे?

“मलेही तसंच दिसे,” त्या म्हणाल्या. “मंग मी आकडे टाकून पाह्यले. चौथा घात घ्या सर. अनंत राहू द्या बाजूले, तीनच मिती घ्या. ज्या रेषेवर तिन्ही आकडे सारखे असतात थे रेषा घ्या. एखाद्या बिंदूले त्या रेषेवर सगळ्यात जवळचं शून्यच असन, तर त्याच्या आकड्यायच्या घनांची बेरीज शून्य आली पाह्यजे. बरोबर?”

मी मनात अवकलन करून पाहिलं. बरोबर होतं.

“एक, उणे एक, शून्य. घन करा.”

“शून्य.”

“एक, शून्य, उणे एक?”

“शून्य.”

“म्हंजे दोघायची सावली शून्यावर. आता दोघायले मिळवा.”

दोन, उणे एक, उणे एक. आठातून एक गेला, आणखी एक गेला. सहा. आठवीतल्या पोराला सुटेल असं गणित होतं ते.

“सहा आले ना सर?” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट मी कुठेतरी चूक दाखवीन अशी आशा होती. “शून्य आलं पाह्यजे होतं.”

ज्या अवकाशात काटकोन आहे, तिथे तुमची ओळ खरी आहे. तुम्ही फळ्यावर चित्र काढायचात, आडवी रेघ, वर एक टिंब, टिंबापासून खाली लंब. चित्र काढलं की काटकोन आपोआप येतो, कारण फळा काटकोनाचा आहे. साबणाच्या वडीच्या जगात तो नाही. जवळचा बिंदू तिथेही आहे, एकच आहे, पण तो बेरीज मानत नाही. तुमच्यासारखा माणूस, ज्याने मला ढेकळावरून बोल लावला, तो इथे फळ्यावरून फसला. ही चूक आपल्याच धंद्यातला माणूस करू शकतो. बाहेरचा करूच शकणार नाही, कारण त्याला ती रेघ एवढी ओळखीची नसते.

सिद्धता चुकली म्हणून प्रमेय चुकतं असं नसतं. मी त्याच आशेवर पुढचे महिने काढले. तुमचं म्हणणं होतं की उपअवकाशावर सुरू केलेली क्रिया हाताबाहेर न जाऊ देता पूर्ण अवकाशावर नेता येते. मिती मोजक्या असतील तोवर ते खरंच आहे, फक्त दर वेळी क्रिया थोडी जास्त ताणावी लागते. मी रोज सकाळी पूजा आटोपली की बसायचो आणि तो ताण आटोक्यात ठेवायचा मार्ग शोधायचो. देवाला मी आजवर स्वतःसाठी फारसं मागितलेलं नाही. त्या दिवसांत मागितलं. प्रमेय खरं निघू दे म्हणून मागितलं, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाने असं मागणं किती हास्यास्पद आहे हे कळत असताना मागितलं. तिकडे बाई उलट्या दिशेने निघाल्या होत्या. त्यांनी असे मोजक्या मितींचे तुकडे घेतले, प्रत्येक पुढच्या तुकड्यात ताण मागच्यापेक्षा जास्त, आणि ते एकापुढे एक जोडत गेल्या. प्रत्येक तुकडा एकेकटा निर्दोष. सगळे मिळून अनंतमिती अवकाश झालं, अगदी तुमच्या अटींतलं, आणि त्यात ताणाला मर्यादाच उरली नाही. “गोधडी शिवली, सर,” त्या म्हणाल्या. “एकेक तुकडा चांगला आहे. पण पांघरता येत नाही.” मी तीन वेळा तपासलं. प्रमेय असत्य होतं.

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. आपल्यात एक पद्धत आहे, तुम्हालाही माहीत असेल. कोणाचा निकाल चुकीचा निघाला की तसं म्हणायचं नाही. म्हणायचं, अमुक एक अट वाढवली असता पुढील निकाल मिळतो. समजणारे समजतात, न समजणारे जुनंच वापरत राहतात, आणि सगळ्यांचे संबंध चांगले राहतात. मी बाईंना प्रबंधासाठीचा लेख तसा लिहायला सांगितला. गोधडी काढून टाका, फक्त अट वाढवून जे खरं उरतं ते ठेवा, आणि सुरुवातीला सरांच्या मूलभूत कार्याचा उल्लेख करा.

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, “अट नाही वाढवली तर काय होते, थे कुठी लिहू?”

“लिहायलाच पाहिजे का?”

“सर, माह्या प्रबंधात तेवढंच तर आहे. बाकीचं कोणालेही येईन.”

मी म्हणालो, “काकू अजून आहेत. त्यांना काय वाटेल?”

काकूंचं नाव मी त्या वेळी घेतलं. बाई काकूंना ओळखतही नव्हत्या. मान खाली घालून म्हणाल्या, “बरं सर,” आणि पंधरा दिवसांत मी सांगितलं तसं लिहून घेऊन आल्या. गोधडी नव्हती. सुरुवातीला तुमचं मूलभूत कार्य होतं. शेवटी माझे आभार होते, मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल. सर, त्यांनी वाद घातला असता, विद्यापीठात तक्रार केली असती, दुसरा मार्गदर्शक शोधला असता, तर मला स्वतःची बाजू मांडायला जागा मिळाली असती. त्यांनी ऐकलं. आमच्या भागात गुरूने सांगितलं की ऐकतात. मी तुमचं ऐकलं, त्यांनी माझं ऐकलं. मी त्यावर सही न करता कागद ठेवून घेतला, वाचतो म्हणालो, आणि समजणारे त्यातूनही समजतील या भीतीने तो तसाच पडू दिला. त्यांची पदवी त्या कागदाबरोबर अडकली. मोताळ्यात त्यांच्याबरोबर लागलेले लोक पदवी घेऊन पुढे गेले. घरी सासरे विचारायचे म्हणे, तुह्यं थे बुलढाण्याचं अजून चालूच आहे का.

मी स्वतःला सांगत होतो की हे तुमच्यासाठी आहे. देवघरात दिवा लावताना बाजूच्या भिंतीवरच्या तुमच्या तसबिरीलाही मी रोज हात जोडतो. तुम्हाला ते आवडलं नसतं. तुमचा देवावर विश्वास नव्हता, आणि मी शनिवारचा उपवास करतो म्हणून तुम्ही मला छेडायचात, “तुझ्या मारुतीला किती मिती आहेत रे, हे एकदा विचारून ये.” मी हसून गप्प बसायचो. पण गुरूला देवाशेजारी टांगल्यावर त्याची चूक बोलून दाखवायला तोंड होत नाही, ही माझी सबब होती, आणि ती बरेच दिवस चालली. खरं कारण त्याच खोलीतल्या कपाटात आहे. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तुमच्या प्रमेयावर उभं आहे. माझी नोकरी, माझी बढती, विभागप्रमुख म्हणून दारावरची पाटी, सगळं त्या प्रबंधावर. मी तुमचं नाव जपत होतो असं लोकांना दिसलं असतं. मी माझं चौथं प्रकरण जपत होतो. हे बाईंनी ओळखलं होतं का? त्यांनी माझा प्रबंध वाचला आहे. ओळखलंच असणार. एका शब्दाने बोलल्या नाहीत.

स्मृतिदिनानंतरच्या रविवारी मी काकूंकडे गेलो. त्या आता एकट्याच राहतात, गुडघे दुखतात, पण स्वयंपाक स्वतःच करतात. मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून चार काड्या हातात घेतल्या आणि सांगून टाकलं.

“म्हणजे यांचं चुकलं?” काकूंनी विचारलं.

“हो, काकू.”

“सगळं?”

“एक ओळ. पण बाकीचं त्या ओळीवर आहे.”

“आणि कोणी काढलं?”

मी बाईंबद्दल सांगितलं. काकूंनी मेथीची मुळं बाजूला टाकली. “तुला कधी कळलं?”

“दिवाळीच्या आधी.”

“म्हणजे संक्रांतीला तू आलास, माझ्या हातचा तिळगूळ खाल्लास, तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि मी तुला म्हटलं, यांचं नाव तू टिकवलंस रे बाबा, तेव्हा?”

“हो.”

काकू मेथी निवडत राहिल्या. जुडी संपली, दुसरी घेतली. मी म्हणालो, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...” तेव्हा त्यांनी मान वर केली. “मी काय प्रमेयाशी लग्न केलं होतं? मला त्यातलं काय कळतं? मला एवढं कळतं की हे आधी चिडले असते. दोन दिवस जेवले नसते, माझ्या डोक्याला ताप दिला असता. तिसऱ्या दिवशी त्या मुलीला घरी बोलावलं असतं आणि म्हणाले असते, बस, पहिल्यापासून सांग.” मग मेथीकडे बघत म्हणाल्या, “तुला बोलावलं नसतं.”

सर, वर्गात तुम्ही माझा पेपर उंच धरला होतात, त्यापेक्षा हे खोल गेलं. काकूंनी चहाला विचारलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदा झालं. दारापर्यंत आल्या आणि मी चप्पल घालत असताना म्हणाल्या, “तिला घेऊन ये एकदा. तुला वेळ नसेल तर पत्ता दे, ती येईल एकटी.”

पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर त्यांचा पहिला मसुदा ठेवला, गोधडी असलेला. त्यांनी विचारलं, “काऊन सर?” मी म्हणालो, तोच पाठवायचा आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता खूश होतील. त्या म्हणाल्या, “मले वाटलं होतं थो फेकला असन तुम्ही.” मग मी चौथ्या प्रकरणाचं सांगितलं. विद्यापीठाला मी लेखी कळवतो आहे की त्यातले निकाल टिकत नाहीत, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “थे मले माहीत होतं सर. दोन निकाल टिकते त्यातले. काटकोन असला तं वाचते. मी करून ठेवले आहे.” माझ्या प्रबंधातलं काय वाचतं हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं, आणि मी विचारेपर्यंत सांगितलं नव्हतं. मी आभार मानायला तोंड उघडलं. शेवटी विचारलं की काकूंकडे याल का. त्या म्हणाल्या, “येईन. पण मी काय बोलू तिथी?” मी म्हणालो, “पहिल्यापासून सांगा.”

विद्यापीठाला पत्र सोमवारी टाकलं. तुमचं प्रमेय ज्या नियतकालिकात छापून आलं होतं, त्यांनाच काल दुपारी बाईंचा लेख गेला. मार्गदर्शक म्हणून माझं नाव घालू का असं त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हणालो. लेखक म्हणून त्यांचं एकटीचं नाव आहे. पहिल्या वाक्यात तुमचं नाव आहे आणि त्याच वाक्यात लिहिलं आहे की तुमचं प्रमेय असत्य आहे. अट वाढवण्याची भाषा कुठेही नाही. पाठवायचं बटण त्यांनी मला दाबायला सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही दाबा. त्यांनी दाबलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा एक गोष्ट इथे लिहून थांबतो. तुम्ही हयात असता तर मी त्यांना अजूनही अडवून धरलं असतं. काकू काहीही म्हणोत, तुमच्या दारात उभं राहून ती ओळ बोलायची माझी छाती झाली नसती. हे मी बाईंना सांगितलेलं नाही, काकूंनाही नाही. लेख गेला आहे, पण तो तुमच्या पश्चात गेला आहे.